गंगापूर रोडवरचं इम्पोर्टेड फळांचं दुकान: चार स्टार, आणि एका द्राक्षवालीचं म्हणणं

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे एक तक्रार पण आहे आणि मालक दादा मनाने चांगले आहेत, माझ्या एका तक्रारीवरून कुणाच्या धंद्याला धक्का लागावा असं मला वाटत नाही. आत शिरलं की उजव्या हाताला सगळी बाहेरची फळं, डावीकडे आपली, आणि मागच्या भिंतीला ड्रायफ्रूट. मी 2022 पासून इथे जातेय, महिन्यातून दोनदा तरी, त्यामुळे हा रिव्ह्यू एका फेरीवरचा नाहीये.

दुसरं म्हणजे माझं सासर निफाड तालुक्यातलं, साडेतीन एकर द्राक्ष आणि दोन एकर कांदा. मुलांच्या शाळेसाठी आम्ही नाशकात राहतो आणि मिस्टर रोज सकाळी वावरात जातात. त्यामुळे फळांच्या दुकानात गेले की मी फळ नंतर बघते, आधी पेटी बघते. कुठल्या देशाची, किती किलोची, कुठल्या पॅकहाऊसला भरली, सगळं बाजूला छापलेलं असतं. आमचा माल जातो तेव्हा त्याच्या पेटीवर पण हेच सगळं असतं, फक्त देशाच्या जागी इंडिया. दादांना आता सवय झालीये, मी आले की रिकामी पेटी पण दाखवतात, "ताई, ही बघा, चिलीची आली."

तर आधी मालाबद्दल. सफरचंद ह्या दुकानातलं नाशकात सगळ्यात चांगलं असं माझं मत आहे. रविवार कारंज्याला हातगाडीवर तेच स्टिकर लावलेलं सफरचंद वीस-तीस रुपये कमी मिळतं हे खरं आहे, पण ते उन्हात असतं, आणि एकदा कोल्ड स्टोरेजमधून निघालेलं फळ उन्हात ठेवलं की दोन दिवसात आतून पिठूळ होतं. इथे फोमच्या जाळीत, थंड्यात ठेवलेलं असतं, देठाजवळची खळी बघा, ती सुकलेली तपकिरी नसेल तर फळ ताजं. नखाने हलकं खरवडलं की मेणाचा पापुद्रा निघतो, ते घरी कोमट पाण्यात धुवून पुसून घेते.

आता भावाचं. मी वहीत भाव लिहून ठेवते, जुनी सवय, सासऱ्यांची वही बघून लागली. ऑगस्ट 2023 ला अमेरिकेचं लाल सफरचंद इथे 240 रुपये किलो होतं. सप्टेंबरमध्ये बातमी आली की अमेरिकेच्या सफरचंदावरची जादाची 20 टक्के ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, काढली. ती ड्युटी आपण जून 2019 मध्ये लावली होती, कारण त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेने आपल्या स्टीलवर 25 आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के लावली होती, म्हणजे भांडण लोखंडाचं आणि मार पडला सफरचंदाला. 50 ची झाली 70, आणि चार वर्षांनी परत 50. मला वाटलं आता स्वस्त होणार. दिवाळीला गेले तर 230. दहा रुपये. मी विचारलं, "दादा, ड्युटी वीस टक्क्यांनी उतरली म्हणतात, मग सफरचंद का नाही उतरलं?" तर दादा म्हणाले, "ताई, मला माल वाशीच्या घाऊक बाजारातून येतो. वाशीला जो भाव फुटतो तो मी लावतो. ड्युटी मी भरत नाही, मला ती दिसत पण नाही."

घरी येऊन मी हिशोब मांडला तेव्हा कळलं की दादा खोटं बोलत नाहीयेत. समजा बंदरावर किलोला 80 रुपयांनी माल उतरला, 70 टक्के ड्युटी म्हणजे 56 रुपये, 50 टक्के म्हणजे 40. फरक 16 रुपयांचा. म्हणजे गिऱ्हाईक 240 देतो त्यातले शंभरच्या वर रुपये ड्युटीशी संबंध नसलेले आहेत, कोल्ड स्टोरेज, वाशीची आडत, हमाली, टेम्पो, घाटातला खर्च, खराब निघालेली पेटी, दुकानाचं भाडं, एसीचं बिल. टक्का ऐकायला मोठा वाटतो कारण तो पायावर लागतो, कळसावर नाही. आणि त्या 16 मधले मला 10 मिळाले, 6 मध्ये कुठेतरी राहिले, अमेरिकेच्या व्यापाऱ्याकडे राहिले का वाशीला राहिले ते मला सांगता येणार नाही. तरी 10 मिळाले हे मी नाकारत नाही. आणि ते का मिळाले, तर शेजारच्या खणात तुर्कस्तानचं होतं, इराणचं होतं, काश्मीरचं नवीन आलं होतं. एकटं अमेरिकेचं असतं तर एक रुपया पण उतरला नसता असं मला वाटतं. ड्युटी कमी झाली की माल आपोआप स्वस्त होत नाही, विकणारे चार झाले की होतो. आमच्या गावात द्राक्षाला एकच व्यापारी फिरला तर काय भाव मिळतो आणि चार फिरले तर काय मिळतो हे ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजवायला लागत नाही.

काश्मीर-हिमाचलवाल्यांनी तेव्हा ह्याला विरोध केला होता आणि मला त्यांची बाजू कळते. मे 2023 मध्ये सरकारने असं पण केलं होतं की किलोला 50 रुपयांच्या आत किंमत पडणारं सफरचंद आणायचंच नाही, फक्त भूतानला सूट, कारण स्वस्त माल येऊन डोंगरातल्या बागांचे भाव पडत होते. मी ग्राहक म्हणून स्वस्त सफरचंद मागते आणि बागायतदाराची बायको म्हणून मला हे पण कळतं की झाड लावायला एक दिवस लागतो आणि फळ यायला वर्षं जातात, भाव पडले म्हणून झाड पुढच्या वर्षी दुसरं काही देणार नाही.

माझं माहेर नाशिकचंच. लहानपणी सफरचंद म्हणजे लाकडी खोक्यातलं, आत गवत, आणि कुणी आजारी पडलं तरच घरात येणार. आज हे आठ देशांचे खण बघून मुलांना काही विशेष वाटत नाही. पण हे आपोआप नाही झालं, त्या काळी बऱ्याचशा मालावर नुसती ड्युटी नव्हती, आणायलाच बंदी किंवा लायसन होतं, आणि जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने आपल्याविरुद्ध केस जिंकल्यावर 1 एप्रिल 2000 ला 714 आणि 1 एप्रिल 2001 ला उरलेल्या 715 वस्तूंवरची ती बंधनं उठली. तेव्हा आमच्याकडे मोठी माणसं म्हणायची की आता शेतकरी मेला. तसं सरसकट झालं नाही, कारण बंदीच्या जागी ड्युटी आली, आणि आपली द्राक्षं त्याच काळात बाहेर जायला लागली.

संत्री. हा माझा आवडता खण. जून ते ऑक्टोबर इथे ऑस्ट्रेलियाची नेव्हल संत्री येतात, खाली बेंबीसारखी खूण असते, बी नसतं, साल जाड पण सुटते छान. आपलं नागपुरी तेव्हा नसतंच, आंबिया बहार दिवाळीच्या आसपास आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चला. त्यांचा हिवाळा तो आपला पावसाळा, त्यामुळे दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला, त्यात त्यांच्या संत्र्याला अर्धी ड्युटी माफ आहे पण फक्त वर्षाला 13,700 टनांपर्यंत, त्याच्या पुढे पूर्ण. बदामाला पण तसंच, 34,000 टनांपर्यंत अर्धी.

हा कोट्याचा प्रकार मला फार दिवस नीट कळत नव्हता. कोटा असला की भाव काही खाली येत नाही, कारण बाजारातलं शेवटचं संत्रं पूर्ण ड्युटी भरून आलेलं असेल तर भाव त्याच्यावर ठरतो, आणि ज्याच्याकडे कोट्यातला माल आहे तो तोच माल त्याच भावाने विकून वाचलेली ड्युटी खिशात टाकतो. म्हणजे सरकारने सोडलेला पैसा ग्राहकाला नाही, कोटा मिळालेल्याला. मी असं म्हणत नाही की कोटा वाईट, नागपूरवाल्यांसाठी तो कुंपण आहे, पण "करार झाला, संत्री स्वस्त होणार" असं टीव्हीवर ऐकून दुकानात जाऊन दादांशी वाद घालायचा नाही एवढंच. डिसेंबर 2025 ला न्यूझीलंडबरोबर व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, त्यात पण किवी आणि सफरचंदाला कोट्यानेच सवलत ठरलीये, त्यामुळे किवीच्या भावाकडे मी फार आशेने बघत नाहीये.

किवी इथलं चांगलं असतं, तीन-चारचे डबे, कडक घ्या आणि घरी केळ्याबरोबर पिशवीत दोन दिवस ठेवा.

ड्रायफ्रूटच्या भिंतीबद्दल थोडक्यात, बदाम ठीक, मनुके आपलेच तासगावचे आणि पिंपळगावचे घ्या, इथे पण मिळतात आणि चांगले असतात.

आता तक्रार. जुलैमध्ये मी ॲव्होकॅडो घेतले, चार, पेटी ऑस्ट्रेलियाची. मुलगी जिमला जाते तिला टोस्टवर लागतं. दाबून बघितले होते, देठाची टोपी काढून पण बघितली होती, आत हिरवं होतं. घरी दुसऱ्या दिवशी कापले तर दोन आतून काळे, शिरा शिरा धाग्यासारख्या. परत घेऊन गेले तर काउंटरवरच्या मुलाने सरळ सांगितलं की बाहेरचं फळ बदलून मिळत नाही. दादा तेव्हा नव्हते. मला पैशाचं एवढं नाही वाटलं, पण मी तिथे उभी राहून विचार करत होते की आमची पेटी रॉटरडॅमला उघडली आणि आत दोन घड मऊ निघाले तर तिथून व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि इथे आमच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, पैसे कापून येतात. तीन-चार आठवडे समुद्रात राहिलेला माल, आम्ही तोडला तेव्हा कडक होता, मधे काय झालं आम्ही बघितलेलं नाही, तरी जबाबदारी आमची. आणि इथे दुकानात उभं राहून घेतलेलं फळ बदलून मिळत नाही. एक स्टार ह्याच्यासाठी कापला. दादांनी नंतर फोनवर सॉरी म्हटलं, पण नियम काही बदलला नाही.

ते द्राक्षाचं निघालंच आहे तर सांगते, कारण हे दुकान ज्या रस्त्याने माल आणतं त्याच रस्त्याने आमचा जातो, उलट्या दिशेने. युरोपला माल पाठवायचा म्हणजे प्लॉट आधी ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, रजिस्टर करायचा, बागेतून सॅम्पल लॅबला, रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाचा, रिपोर्ट पास, मग तोडणी पहाटेपासून ऊन चढायच्या आत, मणी 16-18 एमएमच्या वर, घडातले खराब मणी कात्रीने एक एक काढायचे, पाचशे ग्रॅमचे पनेट म्हणजे प्लास्टिकचे डबे, वरून सडू नये म्हणून ग्रेप गार्डचा कागद, प्रीकूलिंग आणि मग कंटेनर न्हावाशेवा बंदराला. आमच्या पॅकहाऊसला गावातल्याच पन्नास-साठ बायका सीझनला असतात, त्यातल्या कितीतरी जणी आधी दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायच्या. एक्स्पोर्ट म्हटलं की लोकांना बागायतदार दिसतो, मला त्या कात्रीवाल्या दिसतात.

आणि 2010 मध्ये काय झालं ते इथल्या प्रत्येक बागायतदाराला माहिती आहे. क्लोरमेक्वॅट, आपल्याकडे लिहोसिन म्हणतात, वाढ रोखायला वापरायचे, ते युरोपने तपासायला घेतलं आणि माल तिकडे पोचल्यावर अडकला. ड्युटी तेवढीच होती, एक रुपया वाढलेली नव्हती, तरी दार बंद. कितीतरी जण कर्जात गेले. सासरे अजून सांगतात की आम्ही चोरी केली नव्हती, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर सगळं तपासणीत आलं आणि लोक शिकले, आज आमच्याकडे फवारणीची वही असते तारखेसकट. म्हणून मला कुणी म्हटलं की करारात ड्युटी शून्य झाली आता रस्ता मोकळा, तर मी आधी विचारते की रेसिड्यूचा आकडा काय आहे. आपण पण तेच करतो, डिसेंबर 2021 मध्ये इराणच्या किवीत कीड सापडली म्हणून आपण ती बंद केली होती, ह्याच दुकानात तेव्हा किवी चढले होते असं दादा सांगतात.

युरोपात चिलीचं आणि पेरूचं द्राक्ष करारामुळे बिनड्युटी जातं आणि आमच्यावर ड्युटी लागते, एकाच शेल्फवर. त्यात 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि माल आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला, दोन आठवडे जास्त आणि भाडं जास्त. दोन आठवडे म्हणजे देठ हिरवा राहतो का सुकतो एवढा फरक. 27 जानेवारी 2026 ला युरोपबरोबर व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे बसले होते, असं वर्ल्ड कपला बसतात तसे. आमच्या द्राक्षाला चिलीच्या रांगेत बसवलं तर ते काही टक्के आमच्यासाठी खूप आहेत. दिराची वाईनची द्राक्षं आहेत, वायनरीबरोबर करार करून लावलेली, त्याला मात्र झोप नाही. बाहेरच्या वाईनवर 150 टक्के ड्युटी आहे ह्या भिंतीच्या आडोशालाच नाशिकच्या वायनरी वाढल्या, ऑस्ट्रेलियाच्या करारात ती उतरायला लागलीच आहे, पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला 150 ची 100 आणि दहा वर्षांत 50, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला 75 आणि पुढे 25. एकाच घरात एका भावाला दार उघडावं वाटतं आणि दुसऱ्याला धाकधूक, आणि दोघंही बरोबर आहेत.

पण दिराच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे, आणि मला जे म्हणायचंय ते हेच. त्या ऑस्ट्रेलियाच्या करारात कुठल्या वर्षी किती ड्युटी हे आधीच लिहून ठेवलंय. दहा वर्षांचं. दीर बसून ठरवू शकतो की वेल ठेवायची का काढून खायची द्राक्षं लावायची. मी जो काळा पडलेला ॲव्होकॅडो घेतला त्याच्यावरची 30 टक्के ड्युटी सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे, म्हणजे तिकडच्या ॲव्होकॅडोवाल्याला आज माहिती आहे की 2027 ला नाशकात त्याच्या फळावर किती कर असेल. आणि निफाडच्या कांदेवाल्याला उद्या सकाळचं माहिती नसतं.

हे मी रागाने लिहितेय हे मला मान्य आहे. 19 ऑगस्ट 2023, कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी ते काढून टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याच्या खाली बाहेर विकायचंच नाही. 8 डिसेंबरपासून सरळ बंदी, 31 मार्चपर्यंत म्हणाले, मार्चमध्ये पुढच्या आदेशापर्यंत म्हणाले. 4 मे 2024 ला बंदी उठली पण 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 वर आलं. 1 एप्रिल 2025 ला शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा.

त्या 7 डिसेंबरच्या रात्री आमचा ट्रॅक्टर भरून उभा होता. 25 क्विंटल लाल कांदा, दिवसभर बायका लावून काटलेला, ट्रॉलीवर ताडपत्री बांधलेली, सकाळी सहाला निघायचं होतं. रात्री दहाला मिस्टरांच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी मला दाखवला आणि काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन ताडपत्रीची दोरी परत आवळली, ती आधीच आवळलेली होती. सकाळी लिलाव बंद. जे नाशिकचे नाहीत त्यांना वाटेल की ठीक आहे, दोन महिने थांबा आणि विका. लाल कांदा थांबत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, लाल कांद्यात पाणी असतं, त्याला कोंब येतो, सड येते. थोड्याच दिवसात विकायलाच लागतो. आदल्या दिवशी जे लोक क्विंटलला 3400 चा भाव घेऊन आले होते त्यांच्या शेजारी दोन आठवड्यांनी आम्ही 1450 ला विकला. 25 क्विंटलला 48,750 रुपयांचा तोटा, एका ट्रॉलीला. आमच्या सहा ट्रॉल्या होत्या त्या महिन्यात.

आणि खरं सांगायचं तर त्याच महिन्यात मी नाशकात पंचवटीच्या भाजीबाजारातून, घरातला कांदा आणायचा राहिला म्हणून, दोन किलो कांदा घेतला आणि तो स्वस्त मिळाला. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, बरं झालं बाई, कांदा उतरला. त्या चुकीचं बोलत नव्हत्या, त्यांचा महिन्याचा खर्च त्यांना बघायचा आहे. मी काही बोलले नाही. पण तो स्वस्तपणा कुठून आला हे मला माहिती होतं, तो आमच्या ट्रॉलीतून आला होता. आयातीवरची ड्युटी ग्राहकाकडून घेते आणि बागायतदाराला देते, निर्यातीवरची बंदी बागायतदाराकडून घेते आणि ग्राहकाला देते, सरकार दोन्ही करतं, पण पहिलीत सफरचंदवाल्याला चार-चार वर्षं एकच आकडा माहिती असतो आणि दुसरीत आम्हाला एक रात्र मिळते.

त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे गिऱ्हाईक जातं. आखातात, मलेशियात, श्रीलंकेत जो व्यापारी आपला कांदा घ्यायचा तो बंदीच्या काळात रिकामा बसला नाही, पाकिस्तानचा, इजिप्तचा, चीनचा घ्यायला लागला. बांगलादेशने स्वतःचा वाढवला. 1 एप्रिलला शुल्क शून्य झालं तेव्हा लोकांना वाटलं की आता उठाव येईल, पण दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक दुसरं दुकान बघतं आणि मग तुम्ही शटर उघडलं तरी ते येईलच असं नाही. गंगापूर रोडच्या दादांनी वर्षभर असं केलं असतं, आज उघडं उद्या बंद, परवा 40 टक्के जास्त, तर मी चार वर्षं इथे आले असते का.

बांगलादेशने पण आपल्या फळांवरचा कर वाढवत नेला, त्याने विदर्भातल्या संत्र्याचं आणि आमच्या काळ्या द्राक्षाचं नुकसान झालं. तिकडच्या माणसाने मागच्या वर्षी फोनवर मिस्टरांना सांगितलं की भाई, तुमचा माल गोड आहे पण आमच्या इथे तो आता श्रीमंतांचाच राहिला. त्यांच्या सरकारला आपण काय सांगणार, आपण पण त्यांना सांगून कांदा बंद केला नव्हता.

मला ड्युटी कमी व्हावी असंच वाटतं, माझ्या मुलांनी आठ देशांची फळं खावीत आणि आमची द्राक्षं अठरा देशांनी खावीत. द्राक्षाची बाग लावली की डॉगरिजचं खुंट, त्यावर कलम, मांडव, ठिबक, पहिलं पीक यायला दोन वर्षं आणि मग पंधरा वर्षं तीच बाग. पंधरा वर्षांचा निर्णय एका रात्रीच्या आदेशावर कसा घ्यायचा. ऑस्ट्रेलियाला जसं लिहून दिलंत तसं आम्हाला पण लिहून द्या, कांद्याचा भाव किती वर गेला की किती शुल्क लागेल आणि किती दिवस आधी सांगाल, मग ते शुल्क 10 असो का 20, आम्ही त्याप्रमाणे लागवड करू.

दुकानाबद्दल उरलेलं. पार्किंग संध्याकाळी सहाच्या पुढे मिळत नाही, सकाळी अकराच्या आत जा. माल मंगळवारी आणि शुक्रवारी उतरतो. संत्री आणि सफरचंद इथूनच घ्या, ॲव्होकॅडो घेतला तर कडक घ्या आणि तिथेच एक कापून मागा, दादा असतील तर कापून देतात. यूपीआय चालतं, घरपोच पाचशेच्या वर.

आणि हे लिहितेय तेव्हा फेब्रुवारी 2026 चालू आहे, डावीकडच्या खणात पनेटमध्ये द्राक्ष आहे, 180 रुपये किलो, त्याच्यावर "एक्स्पोर्ट क्वालिटी" लिहिलंय. द्राक्ष मात्र इथून घेऊ नका. ओझरच्या पुढे पिंपळगावकडे जाताना हायवेच्या कडेला बागायतदारच कॅरेट लावून बसलेले असतात, तेच द्राक्ष, सकाळी तोडलेलं, देठ हिरवागार असतो. यंदा पावसाने बागा मार खाल्ल्यात म्हणून माल कमी आहे, पण गोडी चांगली भरलीये. दहाच्या आत गेलात तर बरं.